वाचकांचे प्रश्न : गाडीचा पिकअप मोजणारे मीटर

गाडीच्या काचेवर किंवा डॅशबोर्डवर बसवून शून्य ते १०० किलोमीटर वेग गाठण्याचा काळ सांगणाऱ्या छोट्या परफॉर्मन्स मीटरविषयी बरीच पत्रे आली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे, ती म्हणजे आकडे जुळत नाहीत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे पुढच्या काचेला चिकटवण्याचे एक मीटर आहे. प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबवून ते शून्यावर आणावे लागते. माझ्या गाडीच्या माहितीपत्रकात ताशी १०० किमी वेग गाठण्यासाठी १०.५ सेकंद दिले आहेत. मीटर मात्र कधी ९.८ दाखवते, तर कधी ११.४. रस्ता सपाट आहे. यांतला कोणता आकडा खरा धरावा?

उत्तर : मीटर शून्यावर आणावे लागते असे आपण लिहिले आहे, त्यावरून ते त्वरणमापकावर चालणारे असावे. अशा मीटरला वेग थेट कळत नाही. त्याच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भार तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. गाडी पुढे झेपावली की तो भार मागे रेलतो, त्यामुळे शेजारच्या पट्ट्यांमधील विद्युत धारकता बदलते आणि त्या बदलावरून त्वरण काढले जाते. एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणारा गाडीतला सेन्सरही याच जातीचा असतो. पुढे मीटर क्षणाक्षणाचे त्वरण जोडत जाऊन वेग काढते आणि वेग जोडत जाऊन अंतर काढते. त्वरणाबरोबर त्यातली चूकही जोडली जाते, हीच या पद्धतीची खरी अडचण आहे. त्वरणात लहानशी पण सतत एकाच बाजूची चूक असेल, तर वेगातील चूक काळाच्या पटीत वाढते आणि अंतरातील चूक काळाच्या वर्गाच्या पटीत वाढते.

ही चूक येण्याचे मुख्य कारण असे, की गाडीचे त्वरण कोणते आणि पृथ्वीचे गुरुत्व कोणते हे त्वरणमापकाला वेगळे करता येत नाही. शून्यावर आणल्यानंतर मीटर पुढच्या बाजूने केवळ १ अंश वर उचलले गेले, तरी गुरुत्वीय त्वरणाचा सुमारे पावणेदोन टक्के भाग, म्हणजे ०.१७ मीटर प्रतिसेकंद वर्ग, गाडीच्या त्वरणात मिसळतो. दहा सेकंदांत त्याची बेरीज प्रतिसेकंद १.७ मीटर, अर्थात ताशी सुमारे ६ किलोमीटर होते. गाडी जोरात पळवताना ती अशी कलतेच. मागचा भाग दबतो आणि नाक उचलले जाते, विशेषतः पहिल्या गिअरमध्ये. त्यामुळे त्वरणमापकावरची साधी मीटरे स्वभावतःच थोडी उदार असतात आणि काळ कमी दाखवतात. ब्रेक लावताना नाक खाली जाते, म्हणून थांबण्याचे अंतरही ती खऱ्यापेक्षा कमी सांगतात. काही मीटरांत हा कल वजा करण्याची सोय असते. आपल्या मीटरच्या माहितीपुस्तिकेत ती आहे का ते पाहावे.

मात्र गाडीचे हे कलणे प्रत्येक धावेत जवळपास सारखेच असते, त्यामुळे ९.८ आणि ११.४ इतका फरक एकट्या त्याने पडणार नाही. माझा संशय रस्त्यावर आहे. १०.५ सेकंदांत ताशी १०० किमी, म्हणजे प्रतिसेकंद २७.८ मीटर वेग गाठायचा तर सरासरी त्वरण २.६५ मीटर प्रतिसेकंद वर्ग लागते. रस्त्याला केवळ २ टक्के उतार असेल, तर गुरुत्व त्यात सुमारे ०.२ ची भर घालते आणि ढोबळ हिशेबाने काळ ९.८ सेकंदांवर येतो. त्याच रस्त्याने उलट्या दिशेने गेल्यास तेवढेच त्वरण वजा होऊन काळ ११.३ च्या आसपास जातो. २ टक्के म्हणजे १०० मीटरला २ मीटर. एवढा चढ मोकळ्या रस्त्यावर डोळ्यांना सहसा जाणवत नाही, आणि सपाट वाटणाऱ्या रस्त्यांवर तो सर्रास असतो. आपण दोन्ही आकडे एकाच रस्त्याच्या दोन दिशांना घेतले असतील, तर ते दोन्ही खरेच आहेत. फक्त ते गाडीचे नव्हेत, गाडी आणि रस्ता या जोडीचे आहेत.

यावर उपाय जुनाच आहे. तोच पट्टा थोड्या वेळाच्या अंतराने दोन्ही दिशांना धावावा, दोन्ही टोकांना मीटर नव्याने शून्यावर आणावे आणि दोन्ही काळांची सरासरी घ्यावी. वाऱ्याचा परिणामही यामुळे बराचसा निघून जातो. शून्यावर आणताना चालक आणि सोबतचा माणूस आपापल्या जागी बसलेले असावेत, कारण नंतर कोणी आत बसले की गाडीचा कल बदलतो आणि शून्य बिघडते. शून्य एका चढावर घेतले आणि धाव वेगळ्या चढावर झाली, तरीही तेच होते.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मीटर अगदी सपाट जागी शून्यावर आणून गाडी चढावर पळवली, तर ते दाखवील तो काळ चढावरचा नसेल, तर तीच गाडी सपाटीवर जो काळ घेईल त्याच्या जवळचा असेल. गाडी हळू जात असते आणि मीटर तिला वेगवान समजत असते.

मीटर डावीउजवीकडे थोडे वाकडे बसले, तर त्याची फार काळजी करू नये. ५ अंशांच्या तिरकेपणाने त्वरणाच्या मोजणीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक पडतो. त्याउलट मीटर लवचिक दांड्यावर बसवले असेल आणि गाडी सुटताना हलत असेल, तर ती सारी हालचाल नोंदीत उतरते. उन्हात तापलेल्या काचेजवळ सेन्सरचे शून्यही सरकते, म्हणून प्रत्येक धावेआधी ते पुन्हा घ्यावे.

प्रश्न : मीटर न घेता स्पीडोमीटर आणि स्टॉपवॉच यांच्यावर काम भागणार नाही का?

उत्तर : आपल्याच गाडीची आज आणि उद्या तुलना करण्यापुरते कदाचित भागेल, पण खरा आकडा मिळणार नाही. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू शकत नाही, जास्त मात्र दाखवू शकतो, असा नियम संयुक्त राष्ट्रांच्या विनियम क्रमांक ३९ मध्ये आहे; जास्तीची मर्यादा खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी इतकी आहे. म्हणजे काटा १०० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८७ ने धावत असली, तरी ते नियमात बसते. शिवाय जोरात पळणाऱ्या गाडीत काटा आणि घड्याळ दोन्हींकडे पाहण्यासाठी दुसरा माणूस लागतो, आणि त्याच्या अंगठ्याचा उशीर वेगळाच.

प्रश्न : उपग्रहावर चालणारे मीटर आणि मोबाइलमधील मोफत ॲप यांत नेमका काय फरक आहे? दोन्ही जीपीएसच वापरतात ना?

उत्तर : दोन्ही जीपीएसच वापरतात, पण सेकंदाला किती वेळा वेग वाचला जातो, हा फरक आहे. जीपीएसची जागा सांगण्यातली चूक काही मीटरांची असते. दोन जागांमधल्या अंतरावरून वेग काढला असता, तर तो निरुपयोगी ठरला असता. चांगले रिसीव्हर तसे करत नाहीत. उपग्रहाकडून येणाऱ्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या लहरीची कंपनसंख्या आपल्या हालचालीमुळे किंचित बदलते, आणि या डॉप्लर परिणामावरून ते वेग थेट मोजतात. त्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असल्यामुळे, उपग्रहाच्या दिशेने प्रतिसेकंद १ मीटर इतक्या वेगानेही कंपनसंख्या सेकंदाला ५ हून थोडी अधिक कंपने सरकते, आणि याहून कितीतरी लहान सरक रिसीव्हरला ओळखता येते. म्हणूनच मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मीटरची वेगातील चूक ताशी काही दशांश किलोमीटरांच्या आतच राहते. त्वरणमापकासारखी ती काळाबरोबर साचतही नाही, कारण प्रत्येक वाचन स्वतंत्र असते.

सर्वसाधारण मोबाइल सेकंदाला एकदाच वेग सांगतो. आपली गाडी ३ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरणाने सुटली, तर दोन वाचनांच्या मध्ये वेग ताशी जवळपास ११ किमीने वाढलेला असतो. १०० चा टप्पा दोन वाचनांमधून अंदाजाने काढता येईल, कारण तेथे वेगाची रेषा सरळ असते. पण गाडी हलली तो क्षण कोणता, हे त्याला ठरवता येत नाही, आणि तेवढ्यात अर्धा सेकंद सहज हरवतो. मुद्दाम या कामासाठी केलेले मीटर सेकंदाला १० किंवा २० वाचने घेते, चाचणी घेणाऱ्या व्यावसायिकांची यंत्रे १०० पर्यंत जातात. अनेक मीटरांत जीपीएसच्या जोडीला त्वरणमापकही असतो: सुटण्याचा क्षण त्वरणमापक पकडतो आणि लांबचा हिशेब उपग्रह सांभाळतो. घ्यायचेच असेल, तर मी असे जोड मीटर घेण्याचा सल्ला देईन. झाडांची कमान, पूल किंवा उंच भिंती असतील तेथे मात्र ते वापरू नये, कारण परावर्तित लहरी वेगात खोटे चढउतार निर्माण करतात.

गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे बिघाड तपासण्यासाठी मेकॅनिक आपले यंत्र जोडतो त्या जोडणीतून, वेग घेणाऱ्या ॲपविषयीही काहींनी विचारले आहे. त्या जोडणीतून वेग पूर्ण किलोमीटरांतच मिळतो, तोही विलंबाने, आणि तो चाकांचा असतो. सुटताना चाके जागेवर फिरली, तर गाडी पळाली असेच ॲप समजते.

प्रश्न : एकाच गाडीचे शून्य ते १०० चे दोन जाणकारांनी घेतलेले आकडे ०.३ सेकंदाने वेगळे होते. दोघांची मीटरे उत्तम होती. मग चूक कोणाची?

उत्तर : बहुधा कोणाचीच नाही. ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे थांबलेल्या जागेवरून सुटून सरळ रेषेत धावण्याच्या शर्यतीच्या, पट्ट्यावर सुरुवातीला प्रकाशकिरण असतो आणि पुढचे चाक तो ओलांडून सुमारे १ फूट पुढे गेल्यावर घड्याळ सुरू होते. या सवलतीला रोलआउट म्हणतात, आणि अनेक चाचणीकार आजही मीटरमध्ये ही सोय चालू ठेवतात. सुरुवातीचे त्वरण ५ मीटर प्रतिसेकंद वर्ग असेल, तर पहिले ३० सेंटिमीटर कापायला ०.३५ सेकंद लागतात, म्हणजे घड्याळ सुरू होते तेव्हा गाडी ताशी ६ किमी वेगाने चाललेली असते. प्रत्यक्षात तेवढाच, किंवा त्याहून थोडा कमी-जास्त फरक पडतो. ही प्रथा शर्यतीत रास्त आहे, पण "शून्य ते १००" या शब्दांखाली ती न सांगता वापरणे मला पटत नाही. मीटरच्या सेटिंगमध्ये रोलआउट चालू आहे की बंद, हे आधी पाहावे. शून्य ते ६० मैल हा आकडा शून्य ते १०० शी ताडून पाहण्याची चूकही नेहमी होते. ६० मैल म्हणजे ९६.६ किमी, आणि शेवटच्या साडेतीन किलोमीटरांना साध्या गाडीत अर्धा सेकंद सहज लागतो.

प्रश्न : नवा एअर फिल्टर बसवल्यावर माझा काळ ०.२ सेकंदाने सुधारला. मीटर जीपीएसचे आहे. हा फायदा खरा मानू का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. १२०० किलो वजनाच्या गाडीत ७० किलोचा एक माणूस कमी बसला, तर दहा सेकंदांच्या धावेत साधारण अर्धा सेकंद वाचतो. पेट्रोलची टाकी ४० लिटरने रिकामी असेल, तर सुमारे ३० किलो वजन उतरलेले असते आणि आपले ०.२ सेकंद तेवढ्यातच निघतात. संध्याकाळची थंड हवा दाट असते, त्यामुळे इंजिनाला अधिक प्राणवायू मिळतो. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, नसलेले इंजिन समुद्रसपाटीपासून दर १००० मीटर उंचीला साधारण दहा टक्के ताकद गमावते, हेही याच कारणाने. क्लच सोडण्यातला फरक तर प्रत्येक धावेत असतो.

खात्री करायची असेल, तर एकाच दिवशी, एकाच पट्ट्यावर जुना फिल्टर, नवा फिल्टर आणि पुन्हा जुना फिल्टर या क्रमाने धावा घ्याव्यात आणि प्रत्येक वेळी दोन्ही दिशांच्या मिळून काही धावा कराव्यात. आधी एकाच फिल्टरच्या धावांमध्ये आपापसांत किती फरक पडतो ते पाहावे. तो फरकच ०.३ सेकंदाचा असेल, तर ०.२ च्या सुधारणेला काही अर्थ उरत नाही. आणि तिसऱ्या फेरीत जुना फिल्टर लावूनही काळ सुधारलेलाच राहिला, तर श्रेय फिल्टरचे नव्हे. इंधन कमी झाले, टायर तापले किंवा आपला हात बसला. दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याशी आपला आकडा लावून पाहण्यापेक्षा अशा तुलनेत हे मीटर कितीतरी अधिक विश्वासार्ह ठरते.

प्रश्न : माझे मीटर इंजिनाची अश्वशक्तीही सांगते. गाडी उचलून रोलरवर न लावता हे त्याला कसे कळते?

उत्तर : वजन, त्वरण आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. १२०० किलोची गाडी ताशी ८० किमी, म्हणजे प्रतिसेकंद २२.२ मीटर वेगाने जात असताना २ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरणाने वेग वाढवत असेल, तर निव्वळ वेग वाढवण्यासाठी ५३ किलोवॅट खर्च होतात. हवेचा रोध साध्या छोट्या गाडीला या वेगात आणखी साडेचार किलोवॅट मागतो आणि टायरांचे घर्षण ३. अशी चाकांवरची शक्ती ६१ किलोवॅट, म्हणजे ८३ अश्वशक्ती होते. गिअरबॉक्समधील घट आणि स्वतः फिरणाऱ्या चाकांना व इंजिनाला वेग देण्यासाठी लागणारी ताकद यांचा हिशेब वेगळा, त्यामुळे इंजिनाचा आकडा याहून मोठा निघतो.

यातले मोजलेले आकडे दोनच असतात, त्वरण आणि वेग. बाकीचे आपण भरलेले असतात. वजन १०० किलोने चुकीचे भरले, तर शक्ती तेवढ्याच प्रमाणात चुकते, आणि बहुतेक लोक माहितीपत्रकातले वजन भरताना स्वतःला, सोबत्याला आणि टाकीतल्या इंधनाला विसरतात. गाडी वजनकाट्यावर नेऊन, सर्व माणसांसह तोलून तो आकडा भरावा. रस्त्याचा चढ आणि वारा येथेही आपला वाटा उचलतात. मीटरने १०७.४ अश्वशक्ती असे दशांशासह सांगितले, तर त्यातला दशांश सोडून द्यावाच, पण एककालाही फार जपू नये.

प्रश्न : शून्य ते १०० चा मला प्रत्यक्ष उपयोग नाही. ओव्हरटेक करताना गाडी किती लवकर उचलते हे मीटरवर कसे मोजावे, आणि कोठे?

उत्तर : प्रश्न योग्य आहे, आणि रोजच्या चालकासाठी हीच मोजणी अधिक कामाची आहे, असे माझे मत आहे. तिच्यात क्लचचे कौशल्य येत नाही, चाके जागेवर फिरत नाहीत आणि रोलआउटचा वादही उरत नाही. ठरावीक गिअरमध्ये ताशी ८० ते १२० किमी हा टप्पा घ्यावा. त्याला ८ सेकंद लागले, तर गाडी तेवढ्यात सुमारे सव्वादोनशे मीटर पुढे जाते. नंतर ब्रेक लावून थांबायलाही जागा हवी. म्हणून ही मोजणी असो की शून्य ते १०० ची, ती शर्यतीच्या किंवा चाचणीच्या बंद पट्ट्यावर, परवानगी घेऊनच करावी. सार्वजनिक रस्त्यावर, तो कितीही रिकामा दिसत असला, तरी करू नये.

मोजताना एक निवड आधी करावी लागते. बहुतेक जण ७० ला एक्सलरेटर पूर्ण दाबतात आणि मीटर ८० पासून आपोआप काळ धरते. यातून स्वच्छ, पुन्हा पुन्हा तोच येणारा आकडा मिळतो, परंतु टर्बो असलेल्या गाडीचा तो फाजील लाड करतो, कारण ८० येईपर्यंत टर्बो पूर्ण फिरू लागलेला असतो. ओव्हरटेक करताना आपण ८० ने शांतपणे चाललेले असतो आणि मग पेडल दाबतो. टर्बोला जाग येईपर्यंतचा वेळ, स्वयंचलित गिअरबॉक्सला खालचा गिअर निवडायला लागणारा वेळ, हे सारे त्या क्षणानंतर घडते. ते मोजायचे असेल, तर ८० वर वेग स्थिर ठेवून पेडल दाबावे आणि काळ वेगापासून नव्हे, पेडलपासून धरावा. मीटरला पेडल दिसत नाही, म्हणून ओबीडी जोडणीतून येणारी पेडलची नोंद मीटरच्या आलेखाशेजारी ठेवावी लागते. काही मीटरांत ही जोडणी तयारच मिळते.